विचारासाठी तीन मिनिटे

शमिका रविवारी सकाळी दहाला आली. दाराशी चपला काढल्या, मला वाकून नमस्कार केला आणि माझ्या बायकोकडे, वासंतीकडे वळून म्हणाली, “अक्का, मथुराचं जमलं का शेवटी?”

वासंतीच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो तिने हळूच टीपॉयवर ठेवला. मथुरा ही माझी हुबळीची पुतणी. तिचं लग्न दोनदा ठरून मोडलं, ही गोष्ट घरातल्या चार माणसांपलीकडे कुणालाही माहीत नव्हती. आणि ही मुलगी आमच्या घरात जन्मात पहिल्यांदाच पाऊल ठेवत होती.

शमिकाबद्दल मला एवढंच माहीत होतं की ती मूळची पुण्याची, सर्जापूर रोडवर राहते, कुठल्याशा कंपनीत कॉम्प्युटरचं काम करते आणि नोकरी सांभाळून बाहेरून मराठी साहित्यात एम.ए. करते. मी ज्या पेपरचे पाठ रेकॉर्ड केले तो पेपर तिला होता. भेटायचं आहे म्हणून तिचा मेल आला होता. त्याला ‘या’ एवढं उत्तर लिहायला मला चार दिवस लागले होते.

“तुम्हाला मथुरा कशी ठाऊक?” मी विचारलं.

“पाठ अकरा,” ती म्हणाली. मग माझा चेहरा पाहून थांबली. “सर, म्हणजे... तुम्हाला माहीत नाही?”

मला काय माहीत नव्हतं ते कळायला आधी आमच्या पाठांची रीत सांगितली पाहिजे.

मी प्राध्यापक नव्हे. बेंगळुरूतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी चौतीस वर्षं होतो. आमचं घराणं इथे इतक्या पिढ्यांपासून आहे की नातेवाईक आमच्या मराठीला हसतात. एम.ए. मी केलं ते टपालाने येणाऱ्या नोट्सवर, एकट्याने, पुस्तकांच्या मांडणीमागे बसून. म्हणून दोन वर्षांपूर्वी जेव्हा एका मुक्त अध्ययन केंद्राने एका पेपरचे ऑनलाइन पाठ करायला सांगितलं, तेव्हा नाही म्हणायचं ठरवूनही मी हो म्हणालो. आपल्यासारखं कुणीतरी कुठेतरी एकटं बसलं असेल, असं वाटलं. माझी निवड चुकून झाली असावी, हेही वाटलं. ते अजून वाटतं.

केंद्राच्या वासुदेव नावाच्या संयोजकाने फोनवर पाठाचा साचा सांगितला. आधी उद्दिष्टं, मग विवेचन, मग एक प्रश्न. प्रश्न वाचून झाला की म्हणायचं, ‘थांबा आणि विचार करा’. मग तीन मिनिटांची जागा सोडायची. तेवढ्यात विद्यार्थ्याने आपलं उत्तर लिहायचं. त्यानंतर नमुना उत्तर. “त्या तीन मिनिटांत आम्ही तानपुरा घालू,” वासुदेव म्हणाला, “फक्त रेकॉर्डिंगचं यंत्र मध्ये बंद करू नका सर, फाइलचे तुकडे होतात.”

मी यंत्र बंद केलं नाही. चोवीस पाठांत एकदाही नाही. ‘थांबा आणि विचार करा’ म्हणायचो आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसायचो. वासंतीला ती वेळ पाठ झाली होती. नेमकी तेव्हा ती कॉफी घेऊन यायची. आम्ही बोलायचो. तीन मिनिटं झाली की मी घसा साफ करून पुढचं वाचायचो. आमच्या बोलण्यावर तानपुरा येणार, हे मी धरूनच चाललो होतो.

“तानपुरा नाहीये सर,” शमिका म्हणाली. “तुम्ही दोघंच आहात.”

मी खुर्चीत बसलो. बाहेर यशवंतपूरला शिरणाऱ्या गाडीचा भोंगा वाजला.

“हा भोंगाही असतो,” ती म्हणाली. “ॲक्चुअली, आमच्या ग्रुपमध्ये त्या तीन मिनिटांना ‘थांबा’च म्हणतात. बाराचा थांबा ऐकलास का, अठराचा ऐकलास का, असं. पाठ पण ऐकतो हां आम्ही. पण आधी थांबा.”

“किती जण आहेत ग्रुपमध्ये?”

“एकशे चाळीस.”

एवढ्या माणसांसमोर मी जन्मात बोललो नव्हतो. ग्रंथालयाच्या निरोप समारंभातसुद्धा दोन वाक्यं बोलून खाली बसलो होतो. आता एकेक आठवायला लागलं. त्या तीन मिनिटांत मी काय काय बोललो होतो? माझं पित्त. कॉलेजातल्या मराठीच्या जुन्या विभागप्रमुखांबद्दलचं माझं मत. मथुरा.

“तेराव्यात तुम्ही म्हणता,” शमिका सांगत होती, “की वासंती, ही कविता मला चाळीस वर्षं कळलेली नाही आणि आता दोन मिनिटांनी मी तिचं उत्तर सांगणार आहे. सर, मी तेव्हा सिल्क बोर्डच्या ट्रॅफिकमध्ये होते. मला इतकं बरं वाटलं ना. मला वाटायचं फक्त मलाच कळत नाही.”

वासंती उठून स्वयंपाकघरात गेली. तिला धक्का बसला असणार, असं मला वाटलं. तिच्याकडे बघायचा मला धीर झाला नाही.

मी तिथल्या तिथे वासुदेवला फोन लावला. रविवार असूनही त्याने उचलला.

“तानपुरा?” तो म्हणाला. “अरे हो. तो राहूनच गेला सर. फाइल्स थेट चढवल्या आम्ही. पण कुणाची तक्रार नाही आली.”

“तुम्ही स्वतः ऐकले नाहीत पाठ?”

“सर, माझ्याकडे अकरा विषय आहेत.”

“मग ते काढा. आजच काढा.”

“परीक्षा होईपर्यंत साइटवर काहीही बदलायचं नाही असा नियम आहे. आणि सर, तुमच्या पेपरचे आकडे सगळ्यात चांगले आहेत. मी तर मीटिंगमध्ये तुमचं नाव घेतलं.”

शमिका कॉफी पिऊन निघाली. दारात चप्पल घालता घालता ती घुटमळली.

“सर, एक सांगायचं होतं. खरं तर त्यासाठीच आले. तुम्ही नववा पाठ ऐका.”

“का? काय आहे त्यात?”

“प्रणीत म्हणून आहे, बोम्मसंद्र्याला फॅक्टरीत. नवव्यानंतर त्याने ग्रुप सोडला. परीक्षेचा फॉर्म भरलेला नाही. परवा, मंगळवारी संध्याकाळी सहाला फॉर्म बंद होतात. या वेळी बसला नाही तर त्याची नोंदणीच रद्द होईल, तीन वर्षं फुकट. मी दोनदा फोन केला. मला जमणारं नाही ते, एवढंच म्हणतो.”

ती गेल्यावर मी टेबलाशी बसून नववा पाठ लावला. स्वतःचा आवाज ऐकणं मी आयुष्यभर टाळलं आहे. पण ते अवघडलेपण लवकरच लहान ठरलं.

आठव्या आणि नवव्या पाठात एकच जुनी कथा आहे. नवी सून माहेराहून एक पेटी आणते. ती देवळात गेलेली असताना सासू पेटी उघडते. सासूने पेटी का उघडली, हा आठव्या पाठातला प्रश्न होता. नववा पाठ करायच्या वेळी विद्यार्थ्यांनी पाठवलेली उत्तरं माझ्यासमोर होती आणि ती मी तीन मिनिटांत चाळत होतो. यंत्रातून माझा आवाज आला, अगदी स्वच्छ:

“हा बघ बोम्मसंद्र्याचा प्रणीत. काय लिहितो? ‘सासूला पेटीत काय आहे ते बघायचं नव्हतं. पेटीला कुलूप का नाही ते बघायचं होतं.’ कुलपाची अख्ख्या कथेत एक ओळ आहे. सगळं सोडून याने कुलूप धरलं. दिवसभर यंत्रापुढे उभा राहणारा माणूस, त्याला नटबोल्टच दिसणार.”

मग मी हसलो होतो. ते हसणंही होतं.

नंतर बराच वेळ काही नाही. मग वासंतीचा आवाज: “कॉफी निवते आहे.”

मी यंत्र बंद केलं. माझा स्वभाव भिडस्त आहे. समोरच्याला दुखवेल असं मी काही बोलत नाही, असं मी स्वतःबद्दल समजत आलो होतो. स्वतःबद्दल मला खात्रीचं असं तेवढंच होतं.

सोमवारी दुपारी मी मेट्रोने निघालो. आर. व्ही. रोडला पिवळ्या मार्गाची गाडी धरली. वाटेत चार वेळा परत फिरावंसं वाटलं. प्रणीतची पाळी तीनला सुटते, गेटसमोरच्या चहाच्या गाड्याशी थांबा, असं शमिकाने कळवलं होतं. तो मला ओळखणार कसा, याची मला चिंता होती. पण चहावाल्याला मी “स्वल्प सक्करे” म्हणालो, म्हणजे साखर कमी, आणि बाजूला उभा असलेला निळ्या शर्टातला पंचविशीचा मुलगा गर्रकन वळला.

“भगवंतराव सर?”

“तुम्ही प्रणीत?”

“आवाजावरून ओळखलं. मला अरे-तुरे करा सर.” तो बेळगावकडचा होता, हे त्याच्या हेलावरून कळलं. “इकडं कुठं आलासा?”

मी येताना जुळवलेली वाक्यं सगळी विसरलो. “मी नववा पाठ काल ऐकला,” एवढंच म्हणालो. “तो तुम्ही सर्वांनी ऐकला आहे हे मला काल कळलं. मी फार वाईट बोललो. माफी मागायला आलोय.”

त्याने चहाचा कागदी कप दोन्ही हातांत फिरवला. “नटबोल्टचं म्हणताय व्हय? ते सोडा सर. इथं सुपरवायझर रोज त्याच्यापेक्षा वाईट बोलतोय.”

“मग फॉर्म का नाही भरलास?”

त्याने कप गाड्यावर ठेवला. “ते उत्तर माझं नव्हतंच सर.”

“म्हणजे? कुठून उतरवलंस?”

“उतरवलं न्हाई. पटलं म्हणून लिहिलं. अक्कांचं होतं ते.”

मला कळलं नाही. त्याने फोन काढला. सगळे पाठ त्याच्या फोनमध्ये होते. आठवा लावला, बोट सरकवून बरोबर जागेवर आणला आणि फोन माझ्या कानाशी धरला. रस्त्यावर ट्रकचा आवाज होता, तरी ऐकू आलं. माझं ‘थांबा आणि विचार करा’. पेल्याचा आवाज. मग वासंती:

“अहो, त्या पेटीला कुलूपच नव्हतं की. उघडी टाकून गेली पोर. म्हणजे तिला या घरात भीतीच नाही कुणाची. सासूने सारी हयात किल्ली कमरेला बांधली. हिला आत काय आहे ते नकोच होतं, कुलूप कसं नाही तेच बघायचं होतं हिला.”

आणि मग मी: “हं. अगं, माझं चष्म्याचं फडकं कुठे ठेवलंस?”

प्रणीतने फोन खिशात टाकला. मी त्याच्याकडे न बघता उभा राहिलो. पंधरा दिवसांच्या अंतराने मी तेच वाक्य वाचून दाखवून हसलो होतो. ज्या बाईचं ते वाक्य, ती समोर कॉफीचा पेला धरून उभी होती.

“मी म्हटलं,” प्रणीत सांगत होता, “अक्कांच्या तोंडावर सर असं म्हणाले. अक्का पण गप्प बसल्या. मग हे चूकच असणार. आणि हे चूक असेल तर मला कथेतलं काय बी कळत न्हाई. कारण एवढं मला दुसरं काय पटलंच न्हवतं सर. आमच्या आईच्या ट्रंकेला...” तो थांबला. “ते असू दे.”

“ते चूक नव्हतं. चूक मी होतो.”

“तुम्ही इथं म्हणताय. पाठात तर तेच हाय. सासूचं वर्तन हे कौटुंबिक सत्तेचं प्रतीक. तपासणारा ते धरून मार्क देणार. दर वर्षी येतो हा प्रश्न. तुमचं लिहिलं तर पास होईन मी. पण मग एवढे दिवस फोन कानाला लावून काय शिकलो? आणि अक्कांचं लिहिलं तर नापास.” तो हसला. “म्हणून फॉर्मच नको म्हटलं.”

“मी उत्तर बदललं तर?”

“कुठं बदलणार? शमिकाताई म्हणाल्या साइट बंद हाय.”

“बदललं तर भरशील?”

“आधी बदला तरी,” तो म्हणाला, आणि माझ्या चहाचे पैसे त्याने मला देऊ दिले नाहीत.

घरी आलो तेव्हा वासंती खाली चटई टाकून अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत होती. मी समोर बसलो. दोन-तीन शेंगा सोलल्या. माझ्या हातून दाणे सांडतात, म्हणून एरवी ती मला बसू देत नाही.

“आठवा पाठ ऐकला,” मी म्हणालो.

“सरी,” ती कानडीत म्हणाली, म्हणजे बरं.

“ते तुझं होतं.”

“होय.”

“तुझ्यासमोर मी त्याला हसलो.”

“त्याला कुठे, मलाच हसलात. त्याला माहीत होतं, मला माहीत होतं. तुम्हालाच तेवढं माहीत नव्हतं.”

माझा हात थांबला. “त्याला माहीत होतं हे तुला कसं कळलं? तुझं बोलणं त्याला ऐकू जातंय, हे तुला...”

“पाठ ऐकते मी,” ती म्हणाली. “पहिल्यापासून. मागे कपडे वाळत घालताना. पहिल्यात माझाच आवाज आला, तेव्हा चिमट्यांची टोपली पडली हातून.”

गेली दोन वर्षं. चोवीस पाठ.  काल शमिका आली तेव्हा धक्का एकट्या मलाच बसला होता.

“मला सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर दुसरा पाठ केला असतात?”

खरं उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं.

“आणि मथुरा?”

“ते चुकलं. त्या दिवशी यंत्राचा लाल दिवा चालू आहे ते विसरले.” तिने सालपटं एका बाजूला सारली. “बाकी सगळं मुद्दाम. तुम्ही वाचून दाखवता ना, ते छान असतं, पण त्यात तुम्ही नसता. म्हणून मी काहीतरी विचारायची. तुम्ही कधी उत्तर द्यायचात, कधी फडकं शोधायचात.”

“नवव्यात बोलली का नाहीस? एवढं म्हणाली असतीस की हे माझं आहे.”

तिने पुढची शेंग उचलली. “तुम्ही एवढं वाचलेलं,” ती म्हणाली. “मी सातवी. मला वाटलं, असेल चूक.”

त्या संध्याकाळी मी कथा पुन्हा वाचली. ‘पेटीला कुलूप नव्हते.’ ही ओळ सासू पदराला हात पुसते त्याच्या आधी येते. आणि शेवटच्या परिच्छेदात सासू कमरेची किल्ली काढून देवापुढे ठेवते. ती किल्ली मी धर्म, परंपरा, सत्ता अशी सगळीकडे लावून पाहिली होती. नमुना उत्तर लिहिताना तीन टीकाग्रंथ उघडे ठेवले होते. कुलूप आणि किल्ली एकमेकांशेजारी ठेवून पाहायचं मात्र मला चाळीस वर्षांत सुचलं नव्हतं. तरीही पेन उचलून पुन्हा खाली ठेवलं. टीकाग्रंथ लिहिणारे मोठे लोक होते. मी कोण बदलणार?

मंगळवारी दुपारी तीनला मी यंत्र समोर घेतलं. साइट बंद असली तरी पाठ ग्रुपवर टाकते, असं शमिकाने कबूल केलं होतं. आणि वासुदेवला मी सकाळी लेखी कळवलं होतं की आठव्या पाठाचं नमुना उत्तर मी मागे घेत आहे, तपासणाऱ्यांना तसं सांगावं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला असं पत्र लिहिलं. त्याचं उत्तर दोन शब्दांचं आलं: ‘कळवतो सर.’

“पाठ आठवा, दुरुस्ती,” मी म्हणालो. प्रश्न वाचला. “थांबा आणि विचार करा.”

वासंती आली. हातात कॉफी नव्हती. ती समोरच्या खुर्चीत बसली आणि लाल दिव्याकडे बघू लागली. एक मिनिट गेलं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तिने मान हलवली. दुसरं मिनिट गेलं. गाडीचा भोंगा वाजला. अडीच मिनिटं झाली तेव्हा ती पुढे वाकली आणि यंत्राच्या अगदी जवळ तोंड नेऊन म्हणाली:

“प्रणीत, ऐकतोयस ना रे? मी नुसतं बोलले होते. तू ते लिहिलंस, आणि दोन ओळींत लिहिलंस. आता फॉर्म भर. सहाला बंद होतो.” मग माझ्याकडे बघून, “झाली तीन मिनिटं. बोला.”

मी बोललो. ‘हे उत्तर माझे नाही’ असं माझं पहिलं वाक्य होतं. ते कुणाचं आहे ते दुसऱ्या वाक्यात सांगितलं. दोनदा वाक्य चुकलं. ते तसंच राहू दिलं. मग फाइल शमिकाला पाठवली, प्रणीतलाही द्यायला सांगितलं, आणि आणखी काही सुचलं तर म्हणून यंत्र पुन्हा चालू करून ठेवलं.

पाच वाजले, सव्वापाच झाले. मी फोन टेबलावर उपडा ठेवला, मग सुलटा केला, मग पुन्हा उपडा. वासंती म्हणाली, “भाकरीसारखा भाजाल त्याला आता.”

पाच चाळीसला संदेश आला. आधी भरलेल्या फॉर्मचा फोटो, अर्ज क्रमांकासकट. त्याखाली प्रणीतने लिहिलं होतं:

‘भरला सर. पण एक विचारायचं आहे. अक्कांनी सासूचं सांगितलं. सुनेचं काय? ती कुलूप लावायला विसरली की मुद्दाम उघडी ठेवून गेली? सासूने उघडावी म्हणून? कारण मुद्दाम असेल तर कथा सगळीच वेगळी होते.’

मी ते मोठ्याने वाचलं. वासंती उंबऱ्याशी उभी होती. तिने हातातला डबा खाली ठेवला, आत आली आणि संदेश माझ्याकडून पुन्हा एकदा वाचून घेतला.

“मुद्दाम,” ती हळूच म्हणाली. मग खुर्चीत बसली. “हे मला सुचलंच नव्हतं.”

मी कथेचं पुस्तक उघडलं. तिने खुर्ची ओढून माझ्याशेजारी आणली. यंत्राचा लाल दिवा दुपारपासून चालूच होता. बंद करायला दोघांपैकी कुणीच हात पुढे केला नाही.